मानवी अपव्यापार आणि स्त्रिया व बालकांचे लैंगिक शोषण : संकल्पना, कायदा आणि पुनर्वसन

प्रस्तावना

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार यांना मनाई केली आहे. बहुतेक मूलभूत हक्क नागरिकाला शासनापासून संरक्षण देतात. अनुच्छेद २३ मात्र खाजगी व्यक्तीलाही बांधून ठेवतो, कारण माणसाची खरेदी-विक्री करणारा दलाल, मालक किंवा नातेवाईक हा बहुधा खाजगी व्यक्तीच असतो.

या गुन्ह्याला मराठीत अनेक नावे आहेत. संविधानाच्या मराठी पाठात 'अपव्यापार' हा शब्द आहे, महाराष्ट्र पोलिसांच्या विशेष शाखेचे नाव 'अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंध कक्ष' असे आहे आणि वर्तमानपत्रे 'मानवी तस्करी' असे लिहितात. 'तस्करी' या शब्दामुळे वाचकाच्या डोळ्यांसमोर सीमा, चोरवाटा आणि रात्रीचा प्रवास उभा राहतो. प्रत्यक्षात अपव्यापार होण्यासाठी देशाची वा राज्याची सीमा ओलांडावी लागत नाही. एकाच शहरातील एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत नेलेली मुलगीही अपव्यापाराची बळी असू शकते.

या पाठात आपण पुढील मुद्दे समजून घेणार आहोत :

• अपव्यापाराचे तीन घटक आणि संमतीचा प्रश्न
• हा व्यवहार कसा चालतो
• लागू होणारे प्रमुख कायदे
• सुटकेनंतरची प्रक्रिया आणि पुनर्वसन
• प्रतिबंधासाठी स्थानिक पातळीवर काय करता येते

संपूर्ण पाठ वाचताना एक प्रश्न मनात ठेवावा : या टप्प्यावर व्यवस्था त्या स्त्रीकडे किंवा बालकाकडे पीडित म्हणून पाहते आहे की आरोपी म्हणून? कायदा चांगला असूनही पुष्कळदा या एका प्रश्नाचे उत्तर चुकते आणि पुढचे सगळे बिघडते.

१. अपव्यापाराचे तीन घटक

संयुक्त राष्ट्रांनी २००० साली स्वीकारलेल्या, पालेर्मो शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिष्टाचारात अपव्यापाराची व्याख्या दिली आहे. भारताने २०११ मध्ये त्याला अनुसमर्थन दिले. न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेचे कलम ३७० बदलून ही व्याख्या आपल्या फौजदारी कायद्यात आणण्यात आली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ तिच्या जागी लागू आहे. या व्याख्येत तीन घटक आहेत.

कृती : व्यक्तीची भरती करणे, वाहतूक करणे, तिला आश्रय देणे, दुसऱ्याकडे सोपवणे किंवा स्वीकारणे.

साधन : धमकी, बळजबरी, अपहरण, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा प्रलोभन. ज्याच्या ताब्यात ती व्यक्ती आहे त्याला पैसे वा लाभ देऊन त्याची संमती मिळवणे हेही प्रलोभनात मोडते.

हेतू : शोषण. यात लैंगिक शोषण, शारीरिक शोषण, गुलामी, दास्य आणि बळजबरीने अवयव काढणे येते. नव्या संहितेत भीक मागायला लावणे हेही जोडले आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, दुष्काळी भागातील एका गावात ओळखीची बाई येते. १६ वर्षांच्या मुलीसाठी शहरात घरकाम आहे असे सांगते आणि वडिलांच्या हातावर पाच हजारांची उचल ठेवते. मुलगी तिच्याबरोबर आनंदाने निघते. रेल्वे स्थानकावर बाई तिला एका माणसाच्या हवाली करते. तो तिला दुसऱ्या राज्यात नेऊन कुंटणखान्याच्या मालकिणीकडे पोहोचवतो. मालकीण तिला सांगते, "तुझ्यावर माझे साठ हजार आहेत, ते फिटेपर्यंत जाता येणार नाही."

आता कायदा लावून पाहू. बाईने भरती केली, माणसाने वाहतूक करून तिला सोपवले, मालकिणीने तिला स्वीकारले. तिघांपैकी प्रत्येकजण स्वतंत्रपणे दोषी ठरू शकतो. संपूर्ण साखळी एकाच व्यक्तीने चालवली पाहिजे असे नाही. घरकामाचे आश्वासन ही फसवणूक आणि उचल हे प्रलोभन. शोषणाचा हेतू सिद्ध झाला तर प्रत्यक्ष शोषण होण्याआधी, स्थानकावरच त्यांना अडवले तरी गुन्हा घडलेलाच असतो.

"मुलगी स्वतःच्या पायांनी गाडीत बसली" हा बचाव येथे चालत नाही. अपव्यापार झाला की नाही हे ठरवताना पीडित व्यक्तीची संमती विचारात घ्यायची नाही, असे कलमातच स्पष्ट केले आहे. बालकाच्या बाबतीत पालेर्मो शिष्टाचार आणखी पुढे जातो : १८ वर्षांखालील व्यक्तीला शोषणासाठी नेले असेल, तर फसवणूक किंवा बळजबरी सिद्ध करण्याचीही गरज नाही. आपल्या कलम १४३ मध्ये ही तरतूद इतक्या स्पष्ट शब्दांत नाही. मात्र वेश्याव्यवसायासाठी बालकाची विक्री आणि खरेदी हे कलम ९८ आणि ९९ खाली वेगळे गुन्हे आहेत.

२. हा व्यवहार कसा चालतो

गरिबी हे एकमेव कारण सांगितले की विषय संपल्यासारखा वाटतो. परंतु सर्व गरीब गावांतून मुली जात नाहीत. जेथे गरिबीबरोबर एखादी अचानक आपत्ती, कामासाठी होणारे स्थलांतर आणि विश्वासातला मध्यस्थ एकत्र येतात, तेथे धोका वाढतो. २००९ मधील आयला चक्रीवादळाने पश्चिम बंगालच्या सुंदरबन भागातील शेती खारी झाली आणि रोजगारासाठी घराबाहेर पडणाऱ्या कुटुंबांभोवती दलालांचे जाळे घट्ट झाले. झारखंडच्या आदिवासी जिल्ह्यांतून मुलींना घरकामाच्या नावाखाली दिल्लीला नेणाऱ्या दलाली संस्थांचा प्रश्न अनेक वर्षांचा आहे. हरियाणात मुलींची संख्या घटल्याने इतर राज्यांतून पैसे देऊन वधू आणल्या जातात. स्थानिक लोक त्यांना 'पारो' किंवा 'मोलकी' म्हणतात. मोलकी म्हणजे मोल देऊन आणलेली.

काही ठिकाणी रूढीचा आधार घेतला जातो. देवदासी प्रथेत देवाला वाहिलेल्या मुलींपैकी अनेकजणी पुढे मुंबई-पुण्याच्या वेश्यावस्त्यांत पोहोचल्या. कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ च्या अधिनियमाने मुली वाहण्यास बंदी घातली. आता भरतीचा मोठा भाग मोबाइलवरून होतो : नोकरीची जाहिरात, प्रेमाचे नाटक, नंतर खाजगी छायाचित्रांवरून धमकी.

मुलगी एकदा कुंटणखान्यात पोहोचली की दाराला कुलूप लावण्याची गरज फार दिवस राहत नाही. कर्ज तेच काम करते. खरेदीची रक्कम, कपडे, औषधे, जेवण हे सारे तिच्या नावावर मांडले जाते आणि हिशेब मालकिणीच्या हातात असतो. ही युक्ती कायद्याने ओळखली आहे. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियमाच्या कलम ६ नुसार, स्त्रीला थांबवून ठेवण्यासाठी कोणी तिचे दागिने, कपडे किंवा पैसे अडकवून ठेवले, किंवा उसने दिलेल्या वस्तू वा पैशांवरून खटल्याची धमकी दिली, तर तिला डांबून ठेवल्याचे गृहीत धरले जाते. तपास अधिकाऱ्याने उधारीची वही जप्त करणे म्हणूनच महत्त्वाचे.

३. प्रमुख कायदे

अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६ : बोलीभाषेत 'पिटा कायदा'. ९ मे १९५० रोजी न्यूयॉर्क येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला अनुसरून तो झाला. मूळ कायदा स्त्रिया आणि मुलींपुरता होता. १९८६ च्या दुरुस्तीने त्याचे नाव बदलले आणि तो सर्व व्यक्तींना लागू झाला. कुंटणखाना चालवणे (कलम ३), दुसऱ्याच्या वेश्याव्यवसायाच्या कमाईवर जगणे (कलम ४), त्यासाठी व्यक्ती मिळवणे वा नेणे (कलम ५) आणि डांबून ठेवणे (कलम ६) हे त्यातील मुख्य गुन्हे आहेत.

भारतीय न्याय संहिता, २०२३ : कलम १४३ खाली एका प्रौढ व्यक्तीच्या अपव्यापारासाठी ७ ते १० वर्षे सश्रम कारावास, तर बालकाच्या अपव्यापारासाठी किमान १० वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. लोकसेवक किंवा पोलीस अधिकारी सामील असेल, तर त्याला उर्वरित आयुष्यभराचा कारावास होतो. कलम १४४ अपव्यापार झालेल्या व्यक्तीचे जाणूनबुजून लैंगिक शोषण करणाऱ्याला लागू होते. म्हणजे ग्राहकही कायद्याच्या कक्षेत येतो.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ : हाच 'पोक्सो'. १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिची संमती ग्राह्य नाही. गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ : सुटका झालेले बालक हे 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' आहे. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते.

गोवा बाल अधिनियम, २००३ : पर्यटनाशी जोडलेल्या बाल लैंगिक शोषणाला आळा घालण्यासाठी या कायद्याने हॉटेलच्या मालक व व्यवस्थापकांवर आवारातील बालकांच्या सुरक्षिततेची जबाबदारी टाकली. देशातील इतर पर्यटनस्थळांना हा नमुना अभ्यासण्याजोगा आहे.

सर्व प्रकारच्या अपव्यापारासाठी एकच सर्वंकष कायदा अद्याप नाही. त्यासाठीचे विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले, पण राज्यसभेत न आल्याने पुढच्या वर्षी ते व्यपगत झाले. त्यामुळे तपास अधिकाऱ्याला एकाच घटनेत तीन-चार कायद्यांची कलमे एकत्र लावावी लागतात. केवळ पिटा कायदा लावला आणि पोक्सो वा कलम १४३ राहिले, तर आरोपीला हलकी शिक्षा होण्याची शक्यता वाढते.

४. सुटका आणि त्यानंतरचे टप्पे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात अपव्यापाराचे २,२५० गुन्हे नोंदले गेले. त्यांत ६,०३६ पीडित होते आणि त्यांपैकी २,८७८ बालके होती. हे फक्त नोंदलेले गुन्हे आहेत. घरकाम, विवाह किंवा 'हरवली' या नावाखाली दडलेली प्रकरणे या संख्येत दिसत नाहीत.

छापा : विशेष पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो, मात्र परिसरातील दोन प्रतिष्ठित पंच बोलवावे लागतात आणि त्यांपैकी किमान एक स्त्री असावी लागते. सुटका झालेल्या स्त्रीची चौकशी महिला पोलीस अधिकाऱ्यानेच करायची. ती उपलब्ध नसेल तर मान्यताप्राप्त कल्याणकारी संस्थेच्या महिला सदस्याच्या उपस्थितीत करायची.

वयनिश्चिती : पुढचा सगळा मार्ग वयावर ठरतो. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसल्यास स्थानिक प्राधिकरणाचा जन्मदाखला पाहायचा आणि हे काहीच नसेल तेव्हाच वैद्यकीय चाचणीकडे वळायचे. दलालांनी मुलीला "वय वीस सांग" असे पढवलेले असते. तिच्या तोंडच्या उत्तरावर थांबले, तर बालक असूनही तिला प्रौढांच्या मार्गाने पाठवले जाते.

ताबा : येथे मुंबई उच्च न्यायालयाचा 'प्रेरणा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा २००२ चा निकाल मैलाचा दगड आहे. १८ वर्षांखालील मुलींचे प्रकरण दंडाधिकाऱ्यांऐवजी बाल न्याय यंत्रणेकडे जावे, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या चौकशीशिवाय त्यांना सोडू नये आणि दलाल वा कुंटणखाना चालकाचे वकीलपत्र घेतलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात पीडितेच्या वतीने उभे राहू नये, असे निर्देश त्यात आहेत. शेवटच्या निर्देशाचे कारण उघड आहे. मुलीला बाहेर काढण्यासाठी वकील धाडतो तो दलाल, आणि बाहेर आल्यावर तिला परत नेतो तोही दलालच.

घरी पाठवणे : पिटा कायद्याच्या कलम १७अ नुसार पालकांच्या ताब्यात देण्याआधी ते खरे पालक आहेत का आणि सांभाळण्यास समर्थ आहेत का, याची तपासणी मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावी लागते. वरच्या उदाहरणातील वडिलांना आठवा. उचल घेताना त्यांना खरे माहीत होते का? हे न तपासता मुलीला घरी पाठवणे म्हणजे तिला साखळीच्या पहिल्या कडीपाशी परत नेणे.

साक्ष : पोक्सो न्यायालयात बालक आरोपीच्या समोर येणार नाही याची काळजी घ्यावी लागते, वारंवार विश्रांती द्यावी लागते आणि आक्रमक प्रश्न विचारू देता येत नाहीत. तरीही खटले पडतात. त्याचे एक ठळक कारण म्हणजे अंतर. पीडिता दुसऱ्या राज्यातील गावी परतलेली असते आणि समन्स निवारागृहाच्या जुन्या पत्त्यावर जाते. अशा वेळी तिच्या जिल्ह्यातूनच दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष नोंदवण्याची सोय वापरली पाहिजे.

५. प्रौढ स्त्री आणि संमतीचा प्रश्न

अपव्यापार आणि वेश्याव्यवसाय हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरण्याची चूक अनेकदा होते. पिटा कायद्याने वेश्याव्यवसाय हा स्वतःच गुन्हा ठरवलेला नाही. सार्वजनिक ठिकाणाजवळ तो करणे (कलम ७) आणि त्यासाठी गिऱ्हाइकाला खुणावणे (कलम ८) हे मात्र दंडनीय आहे. याचा व्यवहारातील परिणाम असा की दलालाला पकडण्यासाठी केलेल्या कायद्याखाली अनेकदा स्त्रीच कोठडीत जाते.

सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुधारगृहात ठेवलेल्या तीन सज्ञान महिलांना मुक्त करताना, त्यांना आपल्या इच्छेनुसार राहण्याचा हक्क असल्याचे नमूद केले. मे २०२२ मध्ये बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने छाप्याच्या वेळी स्वेच्छेने हे काम करणाऱ्या सज्ञान स्त्रियांना अटक, दंड किंवा छळ होऊ नये असे निर्देश दिले.

मग कलम १४३ मध्ये संमती गैरलागू कशी? दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. आरोपीने फसवणूक वा बळजबरी केली असेल, तर त्याला स्त्रीच्या संमतीमागे लपता येत नाही. पण त्या स्त्रीने पुढे कुठे राहावे हे ठरवताना, ती सज्ञान असल्यास, तिची इच्छा विचारावीच लागते. पहिल्या नियमाने आरोपीची पळवाट बंद होते, दुसऱ्याने तिचे स्वातंत्र्य शाबूत राहते. 'वाचवण्याच्या' नावाखाली सज्ञान स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध वर्षभर बंद ठेवले, तर तिच्या दृष्टीने फक्त कुलूप बदलते.

६. पुनर्वसन

पुनर्वसन म्हणजे शिवणयंत्र देणे, अशी समजूत रूढ आहे. शिवणकाम शिकलेल्या मुलीला गावात गिऱ्हाईक मिळेल का, घरचे स्वीकारतील का, जुने कर्ज वा धमकी मागे लागेल का, हे पाहिले नाही तर ती पुन्हा त्याच वाटेवर जाण्याचा धोका राहतो. पुढील गोष्टी एकत्र लागतात.

• सुरक्षित निवारा : बालकांसाठी बालगृहे, तर प्रौढ स्त्रियांसाठी 'शक्ती सदन'. २००७ मध्ये सुरू झालेली केंद्राची 'उज्ज्वला' योजना आता 'शक्ती सदन'मध्ये विलीन झाली आहे.
• आरोग्य व समुपदेशन : भीती, निद्रानाश आणि स्वतःलाच दोष देणे यांतून बाहेर यायला महिनोन्‌महिने लागतात.
• कायदेशीर साहाय्य : राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची अपव्यापार पीडितांसाठीची योजना २०१५ पासून आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो.
• नुकसानभरपाई : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली आरोपी सापडला नसला तरी ती मागता येते.
• ओळखपत्रे : आधार, शिधापत्रिका आणि बँक खाते नसलेली स्त्री कोणत्याही योजनेपर्यंत पोहोचत नाही.

पुढच्या पिढीचा प्रश्नही याच विषयात येतो. मुंबईच्या कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या प्रेरणा या संस्थेने वस्तीतील स्त्रियांच्या मुलांसाठी रात्रीचे पाळणाघर सुरू केले. रात्र हीच आईच्या कामाची वेळ आणि मुलांसाठी सर्वात धोक्याची वेळ, हे साधे निरीक्षण त्यामागे होते.

७. प्रतिबंध : स्थानिक पातळीवर काय करता येईल?

१. हरवलेल्या मुलाची तक्रार त्वरित नोंदवणे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशांनुसार अशा प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवावाच लागतो. चार महिन्यांत शोध न लागल्यास तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंध कक्षाकडे जातो. "पळून गेली असेल, येईल दोन दिवसांत" हे उत्तर पोलिसांनी देणे नियमाला धरून नाही.

२. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने तो नोंदवता येतो.

३. शाळा सोडलेल्या मुलींकडे लक्ष ठेवणे. शिक्षक, आशा आणि अंगणवाडी सेविका यांना घरातला बदल आधी कळतो. ग्राम बाल संरक्षण समितीच्या बैठकीत ही नावे चर्चेला यावीत.

४. कामासाठी बाहेर जाणाऱ्यांची नोंद ठेवणे : कोणाबरोबर, कुठे, कोणत्या पत्त्यावर. स्थलांतर थांबवणे हा यामागचा उद्देश नाही. नोंद आहे हे माहीत असले की दलाल बिचकतो.

५. मदतवाहिन्या पाठ असणे : बालकांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीसाठी ११२ आणि रेल्वेत १३९.

६. पीडितेचे नाव, छायाचित्र वा गावाची ओळख उघड न करणे. समाजमाध्यमावर चांगल्या हेतूने टाकलेला फोटोही गुन्हा ठरू शकतो आणि तिचा गावी परतण्याचा रस्ता बंद करू शकतो.

सारांश

अपव्यापारात कृती, साधन आणि हेतू हे तीन घटक असतात. त्याविरुद्ध पिटा कायदा, न्याय संहिता, पोक्सो आणि बाल न्याय अधिनियम एकत्र वापरावे लागतात. छापा हा या कामाचा सर्वात दिसणारा, पण सर्वात छोटा भाग आहे. वय तपासणे, घराची चौकशी, साक्षीची सोय, ओळखपत्रे या कंटाळवाण्या वाटणाऱ्या टप्प्यांवर मुलगी परत त्याच दाराशी जाते की नाही हे ठरते. प्रत्येक टप्प्यावर तिला पीडित म्हणून आणि स्वतःचे मत असलेली माणूस म्हणून वागवणे, हाच कायद्याचा गाभा आहे.

स्वाध्याय

१. भाग १ मधील उदाहरणात मुलीचे वय २२ असते, तर कोणती कलमे बदलली असती आणि कोणती तशीच राहिली असती?
२. अपव्यापाराच्या व्याख्येत संमती गैरलागू आहे, तरी सज्ञान स्त्रीच्या ताब्याविषयी तिची इच्छा का विचारावी? स्पष्ट करा.
३. 'प्रेरणा' निकालातील वकिलांविषयीचा निर्देश कोणत्या अडचणीवर उपाय आहे?
४. आपल्या गावातून कामासाठी कोणत्या शहरांकडे स्थलांतर होते याची माहिती घ्या आणि त्यातील धोक्याच्या जागा लिहा. कोणाही व्यक्तीचे नाव नोंदवू नका.